मौजे कांजूर : खुणा आणि पापुद्रे

मध्य रेल्वेने मुंबईहून ठाण्याकडे जाताना विक्रोळी मागे पडून भांडुप येण्यापूर्वी जे कांजूरमार्ग स्थानक लागते, ते १९६८ साली उघडले. आणि ज्या कोणी त्याचे बारसे केले त्याच्या प्रामाणिकपणाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे, कारण त्याने स्थानकाला गावाचे नाव न देता गावाच्या वाटेचे नाव दिले. गाव येथून पुढे आहे, एवढीच त्या पाटीची ग्वाही. नकाशावरील खुणेने याहून मोठा दावा करू नये असे माझे मत आहे. परंतु मौजे कांजूर, तालुके कुर्ला, या एका गावाच्या नकाशांचा इतिहास चाळला तरी खुणांनी असा विनय क्वचितच पाळला आहे असे दिसून येते.

रुळांच्या पश्चिमेस जमीन चढत चढत पवईच्या टेकड्यांना मिळते. तेथे १८९१ साली बांधून पुरा झालेला तलाव आहे आणि १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. पूर्वेस जुने गावठाण, त्यापलीकडे पूर्व द्रुतगती महामार्ग, आणि त्याही पलीकडे मिठागरे, तिवरांचे रान, चिखल व ठाण्याची खाडी. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे दप्तर मात्र फार हिंडले. १९२० पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. त्या साली दक्षिण साष्टीचा मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द भांडुपापर्यंत सरकली तेव्हा कांजूर महापालिकेच्या पोटात गेले. आणि १९९० मध्ये मुंबई उपनगर हा जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. दर स्थलांतरात रुमाल सुटतात, पुन्हा बांधले जातात, आणि एखादा कागद मागच्या कचेरीत राहून जातो, हा कारकुनांचा सनातन अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी या गावाचे जुने-नवे नकाशे संगणकाच्या पडद्यावर एकावर एक मांडावेत, म्हणजे वाचकाला एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर स्वतःच्या बोटाने ये-जा करता येईल, अशा इच्छेने मी जावास्क्रिप्ट नामक भाषेची बाराखडी उतारवयात गिरवू लागलो. पहिली खूण अर्थातच कांजूरची ठोकली : १९.१३, ७२.९३. नकाशा उमटला, पण खूण दिसेना. बराच वेळ नकाशा इकडेतिकडे ओढल्यावर ती सापडली, ती नॉर्वेच्या उत्तरेस, त्रॉम्सो शहराच्याही पुष्कळ पलीकडे, बेअर आयलंड नावाच्या जवळजवळ निर्जन बेटाच्या दक्षिणेस, भर हिमसमुद्रात. चूक क्षुल्लक होती. जिओजेसन या नावाने जी नोंदपद्धती जगभर रूढ आहे, व जिचा मसुदा २०१६ साली प्रमाण म्हणून मुक्रर झाला, तिच्यात रेखांश आधी व अक्षांश मागून लिहायचा असतो. ज्या लीफलेट नावाच्या साधनाने मी नकाशा काढीत होतो, त्याच्या स्वतःच्या शिरस्त्यात अक्षांश आधी येतो. मी एका दप्तराच्या रिवाजाने लिहिलेली जोडी दुसऱ्या दप्तरात दाखल केली, आणि मिठागरातला आगरी माणूस क्षणार्धात ध्रुवप्रदेशातील मच्छीमारांच्या शेजारी जाऊन बसला. नातवंडांना या गोष्टीचा फार आनंद झाला. मला मात्र त्या दिवशी जे कुतूहल लागले ते असे, की ज्या काळी खूण ही पडद्यावर टांगण्याची नसून जमिनीत पुरण्याची वस्तू होती, त्या काळी तिच्या चुका कशा होत असतील.

या मुलखातील सर्वांत जुनी अशी खूण म्हणजे गधेगाळ. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी दिलेल्या जमिनीच्या दानाला साक्ष म्हणून उभा केलेला हा दगड : माथ्यावर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते जोवर आहेत तोवर दान चालावे, मध्यभागी शासनाचा लेख, आणि तळाशी, जो कोणी हे दान मोडील त्याच्या मातेविषयी, गाढवाच्या साहाय्याने कोरलेली एक अत्यंत असभ्य शिवी. मुंबईत परळ येथे सापडलेला अपरादित्य राजाचा शके ११०८ चा शिलालेख या जातीचा असून, त्यात षट्षष्टी म्हणजे साष्टी या प्रदेशाचा उल्लेख येतो, आणि त्यातील गाव कुर्ल्याजवळचे असावे असे अभ्यासकांनी मानले आहे. म्हणजे कांजूरपासून चार-दोन कोसांच्या आतलीच ही हकीकत. या दगडाची रचना मी जितकी न्याहाळतो तितकी ती मला आधुनिक वाटू लागते. पडद्यावरील खुणेवर बोट ठेवले की एक चौकट उघडते व तिच्यात मजकूर दिसतो. येथे चौकट कायमची उघडीच आहे. ज्याला लिपी येते त्याच्यासाठी लेख, ज्याला येत नाही त्याच्यासाठी चित्र, आणि दोघांनाही कळावी म्हणून शिक्षा. एका गोष्टीत मात्र तो दगड आजच्या खुणेहून निर्विवाद श्रेष्ठ होता. तो उचलायला चार माणसे लागत.

पुढे १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी ती घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकून ती ताब्यात घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. मराठी अमदानीत गावाची हद्द कागदावर काढीत नसत, सांगत असत. चतुःसीमा हा शब्दच मुळी बोलण्याचा आहे : पूर्वेस खाडी, पश्चिमेस डोंगराची धार, उत्तरेस अमक्याचा बांध, दक्षिणेस तमका ओढा. तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, महजर होई, आणि सीमेची माहिती ज्याच्या कुळात पिढीजात चालत आलेली असे त्या महाराची साक्ष सर्वांत वजनदार मानली जाई. कित्येकदा पाटलाला किंवा वादीला सीमेवरील मातीचे ढेकूळ मस्तकी घेऊन हद्द चालून दाखवावी लागे, व त्यानंतर ठरावीक मुदतीत त्याच्या घरी काही अरिष्ट आले नाही तर ती वाट खरी धरीत. या दिव्याची टिंगल करणे आज सोपे आहे. परंतु हद्दीविषयी विधान करणाऱ्याने ती हद्द पायांखाली घातली पाहिजे, ही त्यातील अट, नकाशा काढणाऱ्या पुढील सर्व खात्यांनी हळूहळू सोडून दिली, एवढे नमूद करून ठेवणे इष्ट होय.

चालणे सुटले नाही अशी शेवटची मोठी पद्धत म्हणजे शंकू-साखळीची मोजणी. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास जिचा पाया घातला व १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला निश्चित रूप दिले, ती ही रयतवारी मोजणी यथावकाश ठाणे जिल्ह्यातही पोहोचली. तिची साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे इंग्रजी साखळीच्या बरोबर निम्मी, व तिचे भाग सोळा; प्रत्येक भागास आणा म्हणत, आणि तो दोन फूट पाऊण इंच भरे. अशी एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. पैशाचा हिशेब येणाऱ्या माणसाला जमिनीचा हिशेब आपोआप यावा अशी ही योजना ज्याने केली, त्याला या देशातील शेतकऱ्याचे डोके चांगलेच कळले होते.

मोजणीदार शेताच्या मधून एक पायारेषा धरी, शंकूच्या चिरेतून पाहून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात लंब टाकी, आणि ही सर्व मापे टिपणावर उतरवी. टिपण हा नकाशा नव्हे. त्यातील आकृती हाताने काढलेली, प्रमाणाशी तिला काही कर्तव्य नाही. खरे असतात ते तिच्या कडेने लिहिलेले आकडे. त्या आकड्यांवरून दुसरा कारकून कचेरीत बसून प्रमाणबद्ध आकृती उठवी, आणि अशा आकृत्या जुळवून गावनकाशा सिद्ध होई. आज जावास्क्रिप्ट लिहिणारा मुलगा माहितीची फाइल वेगळी ठेवतो आणि चित्र काढण्याचे काम पडद्यावर सोपवितो, तेव्हा आपण काही नवे करीत आहोत अशी त्याची समजूत असते; त्याने एखाद्या भूमी अभिलेख कचेरीत जाऊन पिवळे पडलेले टिपणबुक एकवार पाहावे. शेताच्या कोपऱ्यांवर दगड पुरले जात, आणि मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने असा दगड उपटणे वा सरकविणे हा दंडनीय अपराध ठरविला. गधेगाळीवरील शिवीची जागा कलमाने घेतली.

त्याच कचेऱ्यांत पापुद्र्यांचीही विद्या होती. मूळ नकाशावर मेणकापडासारखे पारदर्शक ट्रेसिंगचे कापड पसरून त्यावर नवा रस्ता, पोटहिस्सा किंवा संपादनाची रेषा लाल शाईने काढीत, व काचेच्या मेजाखाली दिवा लावून दोन्ही एकत्र पाहत. मूळ कागदाला हात लावायचा नाही, फरक वरच्या कापडावर दाखवायचा, ही शिस्त होती. आणि ते कापड उचलले की खालचा नकाशा जसाच्या तसा. दोष एवढाच, की प्रत्येक खात्याचे कापड त्या त्या खात्याच्या कपाटात असे, आणि सर्व कापडे एकाच काचेवर आणावयाचा प्रसंग सहसा येत नसे.

कांजूरच्या बाबतीत या दोषाची किंमत फार मोठी पडावयाची होती, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. शेतजमीन मोजताना दर बांधाला क्रमांक देणारा मोजणीदार खाजणापाशी आला की थबके. जेथे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, तेथे दगड पुरावा कोठे? खाजणात बांध घालून उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, बसविली की ती खार जमीन होते, उघाडी फुटली की ती पुन्हा खाजण होते; आणि आगरी माणूस त्यात कोठे भात घेतो, कोठे मीठ पिकवितो, कोठे जिताडा माशाला जागा सोडतो. अशा भूमीला एकच लांबरुंद भूमापन क्रमांक देऊन मोकळे होण्यावाचून महसूल खात्याला गत्यंतर नव्हते. वर १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने मिठाचा कारभार स्वतंत्र नियमांत बांधला गेला, आणि त्याच चिखलावर मीठ खात्याचा स्वतःचा हिशेब, स्वतःची परवानापत्रे व स्वतःच्या मर्यादा आल्या. अशा रीतीने एकाच जमिनीचे दोन पापुद्रे दोन कपाटांत शांतपणे पडून राहिले. स्वातंत्र्यानंतर मिठाचे कपाट केंद्र सरकारकडे राहिले, महसुलाचे राज्याकडे. आणि मधल्या काळात नगर भूमापनाने जुन्या क्रमांकांवर आपले नवे क्रमांक चढविले.

आता या गावठाणातून निघून थोडा वेळ दूरदेशी जाणे भाग आहे. पडद्यावरील नकाशे १९९३ पासूनचे. त्या साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधनशाळेत असा पहिला नकाशा लोकांना खुला झाला. परंतु त्या जातीच्या नकाशात एक पाऊल सरकावयाचे तरी दूरच्या यंत्राला अर्ज करावा लागे, ते नवे चित्र काढून पाठवी, आणि तोवर पाहणारा ताटकळत राही. ८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगलने आपला नकाशा प्रसिद्ध केला, त्यात ही अर्जविनंती संपली. लार्स व येन्स रासमुसेन या दोघा बंधूंनी सिडनी येथे जी लहानशी कंपनी काढली होती, ती गूगलने आदल्या वर्षी विकत घेतली होती. त्यांच्या पद्धतीत जगाचे आधीच चौकोनी तुकडे पाडून ठेवलेले असत, आणि पाहणाऱ्याने नकाशा ओढला की पडद्यात बसलेली जावास्क्रिप्ट लागतील तेवढेच तुकडे मागवून फरशीसारखे जोडीत जाई. एका फरशीची बाजू २५६ बिंदूंची. सर्वांत दूरवरून पाहता अवघी पृथ्वी एका फरशीत मावते. एक पायरी जवळ आले की चार, मग सोळा, आणि अठराव्या पायरीला ६८ अब्जांहून अधिक. अर्थात त्यांतील बहुतेक फरशांवर निळ्या समुद्रावाचून काही नसते, आणि माझ्या त्या पहिल्या खुणेला अशीच एक फरशी लाभली होती.

लाल थेंबाच्या आकाराची टाचणी, जी आज पत्ता या कल्पनेचेच चिन्ह होऊन बसली आहे, ती त्याच येन्स रासमुसेनची. तिच्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मात्र गूगलने केली नाही, दोन उपऱ्यांनी केली. २००५ च्या वसंतात पॉल रेडमाकर याने त्या नकाशाची अंतर्रचना स्वतःच उलगडून त्यावर भाड्याच्या घरांच्या जाहिराती टाचल्या, आणि एड्रियन होलोव्हाटी याने शिकागोतील गुन्ह्यांच्या नोंदी. कोणाचीही परवानगी नव्हती. गूगलने त्यांना मज्जाव न करता त्याच जूनमध्ये सर्वांना अधिकृत वाट करून दिली, हे त्या कंपनीचे शहाणपण. पुढल्या वर्षी ओपनलेयर्स हे मुक्त साधन आले, जे सर्वसमर्थ असून अवजडही आहे. आणि मे २०११ मध्ये कीव्ह शहरातील व्लादिमिर अगाफोन्किन याने लीफलेट प्रसिद्ध केले. नकाशासाठी लागणाऱ्या नव्वद हिश्श्यांच्या गरजा भागवाव्यात व बाकीचा भार वाहू नये, असे काहीसे धोरण त्यामागे असल्यामुळे ते माझ्यासारख्या पेन्शनराच्याही आवाक्यात आले. खालचा पायाचा नकाशा बहुधा ओपनस्ट्रीटमॅपचा घ्यावा. तो २००४ पासून हौशी माणसांनी आपापल्या गल्ल्या चालून भरला आहे, आणि पायांखाली हद्द घालण्याची जुनी अट त्यात नकळत परत आली आहे.

लीफलेटची ती निळी खूण एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. तिचे चित्र २५ बिंदू रुंद आणि ४१ बिंदू उंच. परंतु चित्राचा कोणता बिंदू म्हणजे ती जागा? डोके नव्हे, मध्य नव्हे, खालचे टोक. हे यंत्राला वेगळे सांगावे लागते : डावीकडून १२, वरून ४१. मी स्वतः एक चित्र करविले होते, मिठाच्या ढिगाचे, आणि ही नांगराची जागा सांगायला विसरलो. तेव्हा दुरून पाहता माझे ढीग खाडीत दिसत आणि जवळ जावे तसतसे ते महामार्गाच्या दिशेने सरकत. जमीन स्थिर, खूण स्थिर, आकडे अचूक, आणि तरीही स्थलांतर! मोजणीदाराच्या दगडाला टोक नसते, म्हणून त्याला ही विवंचना नव्हती. तरी दगडाच्या कोणत्या अंगापासून साखळी धरावयाची, यावरून बांधाचे तंटे झालेलेच आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्या खुणेची सावली हे वेगळे चित्र असते आणि ते वेगळ्या पापुद्र्यात राहते. लीफलेटने पापुद्र्यांना उंचीचे आकडे दिले आहेत : फरशा २०० वर, रेषा व क्षेत्रे ४०० वर, सावल्या ५०० वर, खुणा ६०० वर, आणि माहितीची चौकट ७०० वर. सर्व सावल्या सर्व खुणांच्या खाली असल्यामुळे दाटीवाटीतही एका खुणेची सावली दुसरीच्या अंगावर पडत नाही. आणि खुणांपुरते बोलायचे तर दक्षिणेकडची खूण उत्तरेकडचीच्या पुढे दिसते, जशी रांगेत जवळ उभी असलेली व्यक्ती मागचीला झाकते. इतका बारीक विचार ज्याने केला तो माणूस ट्रेसिंगच्या कापडाच्या कचेरीत नोकरीला असता तर मोठा अव्वल कारकून झाला असता. थरांची यादी कोपऱ्यात दाखविण्याची सोय आहे, तिच्यातही एक भेद पाळला आहे : पायाचे नकाशे एका वेळी एकच निवडता येतात, वरचे पापुद्रे हवे तितके. पाया एकच असावा. कांजूरच्या इतिहासात नेमके हेच घडले नाही.

मी पापुद्रे चढवू लागलो तेव्हा पहिली अडचण अशी आली की गावनकाशाला अक्षांश-रेखांशच नसतात. तो साखळीने मोजलेला, आपल्यापुरता खरा, जगाशी संबंध नसलेला असा अधांतरी तुकडा असतो. त्याला पृथ्वीवर बसवावयाचे म्हणजे दोन्हीकडे ओळखू येतील अशी ठिकाणे शोधावी लागतात, जसे रेल्वेचा पूल, देवळाचा कोपरा, जुनी विहीर. मग त्यांवर टाचण्या मारून बाकीचा कागद रबरासारखा ताणावा लागतो. रेल्वेचा मोठा आधार झाला. १८४३ साली मुंबई सरकारचे अभियंते जॉर्ज क्लार्क यांना शेजारच्या भांडुपास आले असताना लोहमार्गाची कल्पना सुचली असे रेल्वेचा इतिहास सांगतो, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी कांजूरच्या शेतांवरूनच ठाण्यास गेली. तेव्हापासून ती रेषा बव्हंशी जागेवर आहे. पण रुळांपाशी कागद घट्ट बसविला की तो खाडीकडे सुटतो, आणि खाडीकडे धरावे असे त्या नकाशात काहीच नाही, कारण तेथे दगड नव्हता. कागद नेमका ज्या टोकाला डळमळतो, त्याच टोकाला कांजूरचे सारे दावे आहेत.

ते दावे असे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मेट्रो तीनच्या मार्गिकेची कारशेड आरे वसाहतीतून कांजूरमार्गास नेण्याचे जाहीर केले, व नगर भूमापन क्रमांक ६५७-अ मधील १०२ एकर जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमाने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेली. केंद्राच्या मीठ आयुक्तालयाने ही जमीन आपली असे म्हणून हरकत घेतली, आणि १६ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या हुकुमास स्थगिती दिली. २०२२ मध्ये सरकार बदलून कारशेड पुन्हा आरेत गेली. पुढे सहाव्या मार्गिकेच्या आगारासाठी याच पट्ट्यातील काही जागा देण्याचे ठरले. राजकारणाचे कोलाहल बाजूस ठेवले तर दोन कपाटांतील ती दोन कापडे प्रथमच एका काचेवर आली होती, एवढाच या प्रकरणाचा नकाशाशास्त्रीय अर्थ.

तिसरे कापड आकाशातून आले. तिवरांच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेल्या आदेशानंतर नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने उपग्रहचित्रांवरून तिवरांची क्षेत्रे रेखाटली, आणि २००८ मध्ये त्यांतील सरकारी जमिनीवरील क्षेत्रे संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाली. कांजूरच्या कचराभूमीचा चौथा पापुद्रा याच ठिकाणी अंशतः तिसऱ्यावर पडतो. २००९ मध्ये शासनाने तेथील काही क्षेत्र वनातून वगळले. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते वगळणे रद्द करून ११९.९१ हेक्टर क्षेत्र पुन्हा संरक्षित वन ठरविले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. माझ्या पडद्यावर या क्षेत्राला कोणता रंग द्यावा हे मला अद्याप सुचलेले नाही, म्हणून ते मी तुटक रेषेने दाखविले आहे. जो पापुद्रा मी यादीत शेवटी लिहितो तो आपोआप सर्वांत वर दिसतो. मीठ खात्याला महसुलाच्या वर ठेवावे की खाली, हा प्रश्न न्यायालयाला इतकी वर्षे पुरला आणि माझ्याकडून तो एका ओळीच्या मागेपुढे होण्याने सुटतो, हे मला बरे वाटत नाही. शेवटी मी क्षेत्रे अर्धपारदर्शक केली, म्हणजे एकमेकांवर पडली तरी खालचे दिसते. ज्या ठिकाणी सर्व रंग मिसळतात तेथे चिखलाचाच रंग तयार झाला.

गेल्या हिवाळ्यात मी हा नकाशा दूरध्वनीवर घेऊन गावठाणातील एका वृद्ध आगरी गृहस्थांकडे गेलो. जुन्या उघाडीची जागा मी एका कागदावरून काढून तेथे ओढता येईल अशी खूण ठेवली होती. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिले, खाडी कोणत्या अंगाला ते विचारून घेतले, आणि मग जाड बोटाने ती खूण थोडी खाली, थोडी उजवीकडे सरकवली. पडद्याच्या तळाशी आकडे बदलले. पाचव्या दशांशस्थळापर्यंत, म्हणजे सुमारे मीटरभराच्या बारकाईने. मी विचारले, "आजोबा, नक्की इथेच?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

"आता भरती हाय," ते म्हणाले. "सुकती लागली का चल मंग. दगर तिथं हाय का नाय, डोल्यांनी बघ."